यंत्राला ठसका लागत नाही

मोखाड्याहून एका शिक्षकांचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘ई-सिगारेटवर सप्टेंबर २०१९पासून देशभर बंदी आहे. आमच्याकडे म्हातारे आपट्याच्या पानाची विडी वळतात, बायका मशेरी लावतात. मग ई-सिगारेटच्या चाचणीसाठी तुम्ही मागता त्या स्वतंत्र मानकांचं आम्हाला काय?’

मानक ठरवायचं तर आधी झुरका ठरवावा लागतो, आणि मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे. प्रयोगशाळेत ओढतं ते यंत्र. सिगारेटच्या जुन्या आयएसओ पद्धतीत ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा झुरका, मिनिटाला एक. फिल्टरभोवतीची बारीक छिद्रं यंत्रात उघडी राहतात. माणसाची बोटं आणि ओठ ती झाकतात. ‘लाइट’ सिगारेटींचे आकडे वर्षानुवर्षं सौम्य दिसले ते यामुळेच.

आता जव्हारकडे ओसरीवर विडी ओढणारे एखादे आजोबा बघा. झुरक्यामागून झुरका चालू असतो. गप्पांत जरा खंड पडला की विडी विझते, पुन्हा काडी ओढावी लागते. मिनिटाला एक झुरका घेणाऱ्या यंत्रात तीही विझणारच. म्हणून विडी तपासताना झुरके जवळजवळ घ्यावे लागतात.

ई-सिगारेटसाठी कोरेस्टा या संस्थेने २०१५ साली झुरका ठरवला: ५५ मिलिलिटर, तीन सेकंद, दर अर्ध्या मिनिटाला. २०१८मध्ये आयएसओने तोच स्वीकारला. कोरेस्टात तंबाखू कंपन्या सभासद आहेत. ज्याचा माल, त्याचंच माप! स्वतंत्र मानकं हवीत असं मी म्हणतो ते म्हणून.

पण कंपन्यांना बाजूला सारलं की माप आपोआप बरोबर येतं, असंही नाही. जानेवारी २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संशोधकांनी ई-सिगारेटचं उपकरण पाच व्होल्टवर चालवलं, तेव्हा वाफेत फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं भरपूर सापडली. ३.३ व्होल्टवर ती आढळली नव्हती. ग्रीसच्या फार्सालिनोस यांनी आक्षेप घेतला: ई-सिगारेट इतकी तापली की आतली वात कोरडी पडते, वाफ जळकट लागते, माणूस ठसका लागून ती बाजूला ठेवतो. यंत्र ओढतच राहतं. त्यांचा हा मुद्दा मला पटतो.

गुरुजी, माप यंत्रावरून नाही, वापरणाऱ्या माणसावरून ठरवायला हवं, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ई-सिगारेट विकायलाच बंदी, त्यामुळे आपल्याकडे तिच्या द्रवात निकोटिन किती चालेल याची मर्यादा नाही. युरोपात ती मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. चोरून आलेली बाटली पोराच्या हाती पडली, तर तिला लावायला माप नाही. विडीला बंदी नाही, पण तिच्या पुडक्यावरही निकोटिनचा आकडा नसतो. आणि मशेरीला तर झुरकाच नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली ती तंबाखू बोटावर किती घेतली, दातांवर किती वेळ राहिली, दिवसातून कितीदा, थुंकली की गिळली, हे मोजायला हवं. ते कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही. त्यासाठी मोखाड्यातल्या पाड्यांवर जाऊन बायकांनाच विचारावं लागेल.