दुचाकीखालची खडी

आपल्याकडे दुचाकीवरून कोणी पडले की घरी निरोप जातो तो दोनच शब्दांचा असतो : गाडी घसरली. भाषेच्या विद्यार्थ्याने या वाक्याकडे जरा थांबून पाहावे. यात कर्ता गाडी आहे. रस्ता कुठेच नाही, रस्त्यावर कोणीतरी टाकून दिलेली खडी तर नाहीच नाही. पुढे चार माणसे भेटायला येतात आणि 'पोराला वेग आवरत नाही' असा निकाल देऊन चहा पिऊन जातात. वेग आवरत नाही हे पुष्कळदा खरेही असते. परंतु ताशी तीस किलोमीटरने जाणारा, पन्नाशीचा, रोज त्याच वाटेने दूध घालणारा माणूसही जेव्हा त्याच वळणावर पडतो, तेव्हा त्या वाक्याचा कर्ता बदलून पाहायला हरकत नसावी.

२०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे त्यांपैकी शेकडा ४४.५ दुचाकीवरची होती. यांतील किती खडीमुळे गेली हे या आकड्यावरून समजत नाही. तथापि आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून येणारे बहुतेक विद्यार्थी एसटी चुकली की दुचाकीवरच येतात. तेव्हा हा विषय आपल्या दाराशीच आहे असे म्हणावे लागते.

प्रथम खडी नेमके काय करते ते पाहू. दुचाकी रस्त्याला टेकते ती फक्त दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढी. गाडीचे वळणे, थांबणे, तोल राखणे हे सारे या दोन तळहातांच्या भरवशावर चालते. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर रबराची पकड उत्तम असते. मधे सुटे खडे आले की रबर डांबराला टेकतच नाही. ते खड्यांना टेकते, आणि खडे डांबरावर गोळ्यांसारखे फिरतात. घोटीव फरशीवर ज्वारी सांडली असता तिच्यावरून चालणाऱ्याचे जे होते तेच येथे होते. म्हणूनच कच्च्या रस्त्यावरील जाड थरापेक्षा पक्क्या डांबरावर विरळ पसरलेली बारीक कच अधिक दगा देते. कच्च्या रस्त्यावर चाक थोडे रुतते, आणि माणूस मुळातच जपून चालवतो. डांबरावर तो निर्धास्त असतो, आणि करड्या रस्त्यावरची करडी कच दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

थोडे गणित मांडतो. (भौतिकशास्त्राशी माझी फारकत दहावीलाच झाली, पण एवढे गणित त्या पुस्तकातही होते.) स्वच्छ कोरडा रस्ता शंभर किलो वजनाला आडव्या दिशेने सुमारे सत्तर किलोंइतका जोर धरून ठेवू शकतो असे समजू. खडी पसरली की हा जोर साधारण निम्म्यावर, म्हणजे पस्तीसवर येतो. आता वीस मीटर त्रिज्येचे एक वळण घ्या; घाटात अशी वळणे पुष्कळ. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने ते घ्यायचे तर त्रेसष्ट किलोंचा जोर लागतो. तीसच्या वेगाला पस्तीस लागतो. वीसच्या वेगाला फक्त सोळा. म्हणजे स्वच्छ रस्त्यावर चाळीसचा वेग कसाबसा चालून जातो, खडीवर तीसलाच सीमा गाठली जाते, आणि वीसला निम्म्याहून अधिक जोर शिल्लक राहतो. वेग निम्मा केला की गरज चौथाईवर येते, ही यातील मुख्य गोष्ट. आपल्याला मात्र वाटते की चाळीस आणि तीस यांत काय मोठा फरक!

थांबण्याचेही तसेच. चाळीसच्या वेगातील गाडी स्वच्छ रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून नऊ मीटरांत थांबत असेल, तर खडीवर तिला अठरा मीटर लागतात. शिवाय पुढचे चाक अडकले की ते वळवता येत नाही, आणि जे चाक वळत नाही ते तोलही सावरत नाही. मागचे चाक घसरले तर सावरायला क्षणभर तरी मिळतो; पुढचे घसरले की काय झाले हे कळेपर्यंत माणूस जमिनीवर असतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याखालच्यांना सीबीएस तरी हवे असा नियम आला. एबीएस चाक अडकू देत नाही, हा मोठाच फायदा; परंतु सुट्या खडीवर त्यामुळे गाडी लवकर थांबेल असे मानू नये, उलट अंतर वाढू शकते. सीबीएसचे आणखी वेगळे. त्यात मागचा ब्रेक दाबला तरी थोडा जोर पुढच्या चाकावरही जातो. 'खडीवर फक्त मागचा दाबावा' असे जुने जाणते सांगतात. तो सल्ला त्यांच्या जुन्या गाडीला लागू होता; नव्या गाडीवर तोही हलक्या पायानेच पाळावा लागतो.

ही खडी येते कोठून? कोयना खोऱ्यातून कराड-चिपळूण रस्त्याने जा-ये करणाऱ्याला याचे उत्तर वर्षभर डोळ्यांसमोर दिसते. आपल्याकडचा काळा दगड डांबराला चांगला धरतो, अशी त्याची ख्याती आहे. पण डांबर उन्हाने कडक होऊन तडकते, तडीतून पाणी शिरते, आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाच्या दाबाने ते पाणी दगड आणि डांबर यांच्या मधे रेटले जाते. मग एक खडा सुटतो, त्याच्या शेजारचा उघडा पडतो, आणि आठवडाभरात तेथे खड्डा होतो. खड्डा बुजवण्याची रीत अशी की तो चौकोनी कापावा, आतली माती काढावी, डांबराचा हात द्यावा, मिश्रण भरून ठोकावे. घाईत होते ते असे की मुरूम आणि खडी ओतून फावड्याची पाठ मारली जाते. दोन दिवसांत ट्रकची चाके ती भर बाहेर उडवतात. खड्डा होता तेथेच राहतो, आणि त्याच्या भोवती दहा फूट खडी पसरते. खड्डा निदान दिसत तरी होता.

घाटात पावसाचे पाणी डोंगराचा लाल मुरूम रस्त्यावर आणते. दिवाळीच्या सुमारास ऊस सुरू झाला की शेतवाटेवरून डांबरीवर चढणारे ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली माती आणि दगड सोबत आणतात. खाणीवरचे डंपर भरून वाहत असले की प्रत्येक वळणावर आणि गतिरोधकावर थोडी थोडी कच ठेवून जातात. अवजड वाहने आतल्या बाजूने वळण कापताना साईडपट्टीचा मुरूम रस्त्यावर ओढतात, तर चाकांनी उडालेली कच वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते. म्हणजे नेमकी दुचाकीची जागा जी कड, तीच दोन्ही अंगांनी भरलेली. त्यातल्या त्यात स्वच्छ राहतात ते मोटारींच्या चाकांचे दोन पट्टे.

माझे आजोबा सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. मैलकुली म्हणजे ठरावीक लांबीचा रस्ता नेमून दिलेला मजूर. घमेले, फावडे, खराटा एवढा त्यांचा संसार. वळणावरची कच झाडून पुन्हा साईडपट्टीला लावणे हे त्यांच्या नित्याच्या कामांत होते. 'खडी सुटली' असे ते म्हणत, दाव्याचे जनावर सुटावे तसे. आज त्या कामाला कोणी मोठे काम म्हणत नाही. खड्डा बुजवल्याचे मोजमाप होते आणि बिल निघते. उरलेली खडी झाडून नेली की नाही याचे मोजमाप कोण करतो?

स्वाराने काय करावे, हे वरच्या विवेचनातून निघतेच. वेग कमी करायचा तो खडीच्या अलीकडे, गाडी सरळ असताना. खडीवर पोचल्यावर ब्रेक नाही, एकदम रेस नाही, गाडी तिरपी करणे नाही. हँडल घट्ट आवळू नये. पुढचे चाक थोडे इकडेतिकडे हलून आपली वाट आपणच शोधते. ताठ हातांनी त्याला अडवले की पडण्याची खात्री. पाय खाली सोडून चालवण्याची सवय पुष्कळांना आहे, त्याने तोल राहत नाही आणि घोटा मात्र सापडतो. नजर खड्यांवर न ठेवता पलीकडच्या स्वच्छ रस्त्यावर ठेवावी. लहान चाकांच्या स्कूटरवरून येणाऱ्या मैत्रिणींनी तर वेग आणखी कमी ठेवावा, कारण लहान चाक खड्यावर चढण्याऐवजी त्याला अडते.

मागे बसणाऱ्यांचा विचार आपण सर्वांत कमी करतो. आई किंवा बहीण एका बाजूला पाय सोडून बसते, मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने मागच्यालाही हेल्मेट सांगितले आहे. ते तिच्याकडे नसते. गाडी घसरली तर चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल असते, तिला काहीच धरायला नसते आणि ती पाठीमागे डोक्यावर पडते. दुधाच्या किटल्या मागे लावल्या की पुढचे चाक हलके होते, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता थोडे जबाबदारीविषयी. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनी एक चिन्ह पाठ केले आहे : लाल कडांचा त्रिकोण, आत मोटार आणि तिच्या चाकामागून उडणारे खडे. म्हणजे पुढे सुटी खडी आहे. परीक्षेत ते बिनचूक ओळखलेल्या किती जणांना ते प्रत्यक्ष रस्त्यावर दिसले आहे, हा प्रश्न मी वर्गात विचारून पाहिला. सगळे हसले. वस्तुतः २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९८अ हे कलम आले आहे. रस्त्याची बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण 'गाडी घसरली' एवढेच लिहून घेतले गेले तर हे कलम लागणार कशाला? जखमीला दवाखान्यात पोचवल्यावर कोणीतरी परत जाऊन त्या जागेचे, खडीचे आणि नसलेल्या फलकाचे छायाचित्र काढावे. दुसऱ्या दिवशी खडी झाडली गेली की पुरावा संपला.

राहिला विमा. आपल्यापैकी पुष्कळांच्या गाड्यांचा विमा केवळ कायद्यापुरता, म्हणजे 'थर्ड पार्टी' असतो. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी आहे. स्वतः घसरून पडलेल्याला त्यातून दवाखान्याचा खर्च मिळत नाही. मागे बसलेल्याची जबाबदारीही अशा विम्यात कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २००८ च्या निकालांत म्हटले आहे. त्याच्यासाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घ्यावे लागते. याखेरीज पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते 'मालक-चालका'चे : गाडी ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्या खिशात, त्याचे. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, अशी आपल्या वाहनतळावरील कितीतरी गाड्यांची स्थिती आहे. आमच्या घरच्या विम्याचा कागद मी या लेखाच्या निमित्ताने पहिल्यांदाच उलगडून वाचला. 'मालक-चालक' हा शब्द दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात सापडला. वडिलांना तो वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी विचारले, "मग कॉलेजला जाताना तुझं काय?"