मालाड स्टेशनच्या तोंडाशी

आपल्याकडे चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आसपास आलूबोंडा मागितला की तो प्लेटमध्ये येतो. चमच्याने फोडलेला, वरून लालभडक तर्री, कडेला चिरलेला कांदा. तो उभ्याने खाल्ला तरी निवांत खावा लागतो. एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचा. मुंबईने हाच बोंडा पावात दाबला आणि खाणाऱ्याचा एक हात मोकळा केला, कारण त्या हाताने लोकलचा दांडा धरायचा असतो. जम्बोकिंग या वडापावच्या साखळीचा सगळा धंदा या मोकळ्या हातावर उभा आहे. तो समजून घ्यायचा तर मालाड स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत उभं राहावं.

२३ ऑगस्ट २००१ रोजी धीरज गुप्ता यांनी इथे पहिलं दुकान थाटलं. पुण्याच्या सिम्बायोसिसमधून एमबीए झालेला हा माणूस. मिठाई परदेशी पाठवण्याचा आधीचा बेत फसलेला. दुकानाचं नावही तेव्हा ‘चाट फॅक्टरी’ होतं. बाकीच्या पदार्थांपेक्षा वडापावला उठाव जास्त, हे दिसल्यावर बाकीचं मागे पडलं. वडा नेहमीपेक्षा मोठा केला, नाव जम्बोकिंग ठेवलं.

वडापाव त्यांनी शोधलेला नाही, हे सांगायलाच हवं. त्याचं श्रेय दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिलं जातं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि अनेक कामगारांनी हीच वाट धरली. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं. आलू टिक्की पावात घालून विकता येते, तर आपला वडा का नाही, हा प्रश्न पडायला मग फार हुशारी लागत नव्हती. लागली ती जागा निवडायला. स्टेशनलगतचा चिंचोळा गाळा, बसायला बाकडं नाही, हातमोजे घातलेली पोरं, कागदात गुंडाळलेला वडा, आणि गाळा चालवणारा फ्रँचायझीवाला. गिऱ्हाईक चालता चालता पैसे देतं आणि चालता चालताच खातं. भाडं भारी असलं तरी जागा कमी लागते आणि गिऱ्हाईक बोलवावं लागत नाही, ते गाडीतून आपोआप उतरतं.

पुढे साखळीने पाटीवरून वडापाव हा शब्द काढून बर्गर लावला. चीज आलं, मेयोनीज आलं. स्वच्छता वाढली, सगळीकडे चव सारखी झाली. पण कढईतला चुरा आणि सुक्या लसूणचटणीचा ठसका हातगाडीवरच राहिला, असं माझं मत. तर्रीवर वाढलेल्या जिभेला तो बर्गर जरा गुळमुळीतच लागेल.

हा गाळा उचलून चंद्रपूरला आणला तर चालेल का? मला शंका आहे. बल्लारशाहवरून दिल्ली-चेन्नई मार्गाच्या गाड्या धावतात, पण रोज सकाळ-संध्याकाळ तेच लोक घेऊन येणारी लोकल आपल्याकडे नाही. गडचिरोली जिल्ह्यात तर वर्षानुवर्षं वडसा हे एकच रेल्वे स्टेशन. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटरच्या मार्गाचं काम रेंगाळत आलेलं. इथला टपरीवाला एसटीच्या वेळापत्रकावर आणि आठवडी बाजारावर जगतो. त्याच्या गिऱ्हाइकाला वेळ असतो, त्याला तर्री दुसऱ्यांदा हवी असते, आणि ती फुकट हवी असते.

मालाडला जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची बोरिवलीकडे जाणारी धीमी लोकल पकडावी. पिशवी खांद्याला अडकवा, हात मोकळा ठेवा.