ऑर्गनवर बसलेली आई

मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपल्या ओळखीचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले, गांधीजींच्या वाटेनं चाललेले नेते. १९५९ साली ते पत्नी कोरेटासह भारतात आले, तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनातही राहिले होते. पण मैत्रिणींनो, त्यांच्या आईचं नाव काय, असं कुणी विचारलं तर? बहुतेकींना सांगता येणार नाही. ती बाईही तशीच होती म्हणा, पुढे पुढे न करणारी.

अल्बर्टा विल्यम्स किंग. अटलांटा शहरातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चच्या पाळकांची मुलगी. बॅप्टिस्ट पंथात बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत. समज आल्यावर, स्वतःच्या विश्वासानं तो घ्यायचा असतो. काळ्या लोकांसाठी चर्च म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हती. हॉटेलात, बसमध्ये, शाळेत गोऱ्यांची सत्ता. मान वर करून बसावं असं हक्काचं ठिकाण एकच, आपलं चर्च. अल्बर्टांचं सगळं आयुष्य याच चर्चच्या सावलीत गेलं.

त्या शिकल्या, शिक्षिकाही झाल्या. पण १९२६ साली लग्न झालं आणि नोकरी सुटली. कारण तिथल्या नियमानुसार लग्न झालेल्या बाईला शाळेत शिकवता येत नव्हतं! पाठोपाठ तीन मुलं झाली: ख्रिस्टीन, मार्टिन आणि आल्फ्रेड. पण बाईंनी पुस्तक काही खाली ठेवलं नाही. तीन मुलांचं सगळं करून १९३८ साली त्या पदवीधर झाल्या.

चर्चमधला गायनवृंद त्यांनी उभा केला. १९३२ पासून पुढची चाळीस वर्षं त्यांनी तो सांभाळला, ऑर्गन वाजवला. छोटा मार्टिन चर्चच्या कार्यक्रमांत गायचा, तेव्हा साथीला पियानोवर आई असायची. पुढे बॅप्टिस्टांच्या राष्ट्रीय महिला शाखेच्या ऑर्गनवादक म्हणूनही त्यांनी काम केलं. चर्चमधली माणसं त्यांना ‘मामा किंग’ म्हणत. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यांच्याकडे मामा म्हणजे आई!

या आईची खरी परीक्षा झाली मार्टिन सहा वर्षांचा असताना. त्याचा एक गोरा सवंगडी होता. समोरच्या दुकानदाराचा मुलगा. दोघं शाळेत जाऊ लागले, पण वेगवेगळ्या शाळांत. आणि एक दिवस त्या मुलानं सांगून टाकलं, बाबा म्हणालेत, आता तुझ्याशी खेळायचं नाही. का, तर तू काळा.

पोर हिरमुसलं होऊन घरी आलं. अशा वेळी आई काय करते? जाऊ दे रे, दुसरा मित्र मिळेल, म्हणून खाऊ हातावर ठेवते. अल्बर्टांनी तसं केलं नाही. त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं आणि खरं ते सगळं सांगितलं. गुलामगिरी काय होती, ती कशी संपली, तरी हा भेदभाव का उरला. आणि मग बजावलं, की हे माणसांनी केलेलं आहे, देवानं नाही. तू कुणाहूनही कमी नाहीस. आपल्या आठवणींत मार्टिन यांनी हा प्रसंग आवर्जून लिहिला आहे.

आपल्याकडेही आडनावावरून, वस्तीवरून, रंगावरून टोमणा खाऊन पोरं घरी येतातच की. तेव्हा जग कसं आहे ते लपवायचंही नाही आणि लेकराची मानही खाली जाऊ द्यायची नाही, हे किती अवघड आहे ते आईलाच ठाऊक!

त्या मांडीवरच्या मुलाची ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये गोळी घालून हत्या झाली. वर्ष-सव्वा वर्षातच, जुलै १९६९ मध्ये, धाकटा आल्फ्रेड घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. दोन तरणेताठे मुलगे गेले. कुठल्याही आईनं दार लावून घेतलं असतं. या बाई मात्र पुन्हा ऑर्गनवर जाऊन बसल्या. १९७२ मध्ये गायनवृंदाची जबाबदारी सोडल्यावरही वाजवायला येत राहिल्या.

३० जून १९७४, रविवार. उपासना सुरू होती, अल्बर्टांची बोटं ऑर्गनवर होती. समोरच्या बाकावरून एक तरुण उठला आणि त्यानं गोळ्या झाडल्या. अल्बर्टा गेल्या. चर्चचे एक सेवक, एडवर्ड बॉयकिन, हेही गेले. ज्या चर्चमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथेच त्यांचा शेवट झाला.

मारेकऱ्याला फाशीची शिक्षा झाली. पण फाशीला किंग कुटुंबाचा विरोध होता. ज्यानं आपलं माणूस मारलं, त्याचाही जीव घेऊ नये, अशी त्यांची भूमिका. शेवटी ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. मुलगा जगाला अहिंसा सांगत होता, हे आपण वाचतो. पण आईच्या खुन्यालाही फाशी नको म्हणणारं घर काही एका दिवसात उभं राहत नाही. ते घर अल्बर्टाबाईंनी घडवलं होतं.