नाताळच्या ताटातील टर्की

ज्या जहांगीर बादशहाने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवान करून ठेवले, त्याच्याच दरबारी १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याच्या पोर्तुगिजांकडून एक विलक्षण पक्षी आणला. त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्याप्रमाणे बदलतात, असे बादशहाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढविले. तोच हा टर्की. पोर्तुगीज भाषेत त्याला 'पेरू' म्हणतात. आपल्या परसातील पेरूशी घोटाळा करू नये!

१९९९ साली झाशीपासून वेगळ्या झालेल्या ग्वाल्हेर धर्मप्रांतात काय किंवा आपल्या कोकणपट्टीत काय, नाताळला कोंबडीच अधिक शिजते. परंतु शहरातील नातलग कधी गोठविलेली टर्की घेऊन येतात, आणि मग घरातील माउलीपुढे पाच-सहा किलोंचा पक्षी येऊन पडतो. त्याचा आकार हाच खरा धोका होय; वरून तांबूस भाजलेला पक्षी आत हाडाशी कच्चा असू शकतो, आणि कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असतात. लेकरे, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांना त्यांची बाधा विशेष जड जाते.

गोठलेली टर्की फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवून वितळू द्यावी. दर दोन किलोंस एक दिवस, या हिशेबाने मोठ्या पक्ष्याला तीन दिवस सहज लागतात. ग्वाल्हेरची डिसेंबरची रात्र बोचरी असते हे खरे, पण दुपारचे ऊन काही फ्रिज नव्हे; म्हणून ओट्यावर ठेवून निश्चिंत होऊ नये.

पुढील गोष्ट आमच्या भगिनींना पटणे कठीण. कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नये. धुतल्याने जंतू मरत नाहीत. उडालेल्या शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या कोशिंबिरीवर जाऊन बसतात. पिसे वा रक्त राहिले असल्यास ओल्या कागदाने टिपून तो कागद टाकून द्यावा. सुरी, विळी, फळी व हात मात्र साबणाने स्वच्छ धुवावेत.

शिजल्याची खूण रंगावरून ठरवू नये. तापमापकाची सुई मांडीच्या व छातीच्या जाड भागात, हाडाला न टेकविता, खुपसावी. ७४ अंश सेल्सिअस दिसले म्हणजे झाले. सारण पोटात न भरता निराळे शिजवावे. आमचे मत विचाराल, तर भट्टी नसलेल्या घरी अख्खा पक्षी भाजण्याचा हट्ट नकोच. तुकडे करून, वाटण लावून, झाकण ठेवून रस्सा रटरटू द्यावा. उष्णता प्रत्येक तुकड्यात पोहोचते आणि चवही आपल्या जिभेची राहते.

खरी कसोटी मध्यरात्रीच्या मिस्साची. सायंकाळी शिजवून, झाकून, सारे घर देवळात जाते व दोन वाजता जेवायला बसते. शिजलेले मांस दोन तासांहून अधिक असे बाहेर राहू नये. काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून मांस लहान भांड्यांत काढून देवळात निघण्यापूर्वीच फ्रिजमध्ये ठेवावे व परतल्यावर वाफाळेपर्यंत तापवावे. फ्रिज नसेल, तर वाटण तयार ठेवून मांस सकाळी आणून शिजवावे. मेजवानी दुपारी झाली म्हणून सण उणा होत नाही.

उपाहारगृहात जेवताना परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी लावला आहे का, हे पाहावे. मांडून ठेवलेले मांस ६० अंशांवर गरम हवे. कोमट असेल तर घेऊ नये. कापल्यावर आत कच्चे दिसले तर संकोच न करता ताट परत पाठवावे.

उरलेले मांस तीन-चार दिवसांत संपवावे. हाडे टाकू नयेत. मिरी, आले घालून त्यांचे कढण उत्तम होते.