दोष स्वभावाचा की परिस्थितीचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परभणी जिल्ह्याबद्दलच्या दोन म्हणी मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही एक आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरी. पहिली म्हणताना आपली छाती फुगते. दुसरीत मात्र टोमणा आहे. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. इथल्या माणसाला कशाची घाई नाही, असा तो सूर. आपणही हसून ती म्हण म्हणतो. पण मानवतचा एखादा मुलगा पुण्याला मुलाखतीला जातो आणि समोरचा साहेब विचारतो, "परभणीकडचे का? मग निवांतच असाल!" तेव्हा ती गंमत राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू त्या मुलालाही ते खरं वाटू लागतं. 'आपली माणसंच तशी' हे वाक्य मी मोंढ्यात आणि एस.टी. स्टँडवर आपल्याच लोकांकडून कितीदा तरी ऐकलं आहे. म्हणून आज तपासून पाहू, की प्रदेश मागे राहतो तो माणसांच्या स्वभावामुळं का?

प्रश्न जुना आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1904-05 मध्ये युरोपातल्या प्रॉटेस्टंट पंथाची काटकसर व कामावरची निष्ठा यांचा संबंध भांडवलशाहीच्या वाढीशी जोडला. तेव्हापासून 'श्रीमंत प्रदेशाची संस्कृतीच वेगळी' असं म्हणायची सोय झाली. आपल्याकडेही पश्चिम महाराष्ट्राचा शेतकरी उद्यमी आणि मराठवाड्याचा सोशिक, अशी वाटणी सहज केली जाते.

पण हाच नगरचा, पुण्याचा शेतकरी 1875 साली कसा होता? कर्जात बुडालेला. त्या वर्षी सुप्याला सुरू झालेले सावकारांविरुद्धचे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. शेतकरी उधळ्या आहे, लग्नकार्यात पैसा घालवतो, असे आरोप तेव्हा त्याच्यावरही होत. पुढं 1926 साली प्रवरेवर भंडारदरा धरण पूर्ण झालं. कालव्याच्या खात्रीच्या पाण्यावर ऊस आला. तोडलेला ऊस थांबत नाही, तो लवकर गाळावा लागतो. शेजाऱ्याची गरज तीच आपली गरज झाली. त्यातूनच विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं 1950 च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. माणसं तीच, माती तीच. पंचाहत्तर वर्षांत 'स्वभाव' बदलला!

ही प्रवरा ज्या गोदावरीला मिळते, तीच गोदावरी पुढं परभणी जिल्ह्यातून वाहते. पण हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं 1976 साली. भंडारदऱ्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. त्या पन्नास वर्षांत आपला शेतकरी मृगाच्या पावसाकडं डोळे लावून बसला. सगळं रान एका पिकाखाली घालायचं नाही, कपाशीत तुरीचे तास धरायचे, घरापुरती ज्वारी पेरायचीच. याला कुणी धाडसाचा अभाव म्हणेल. पण पाऊस हुकला तर घर चालवायचं कशावर? हा त्याचा विमा होता.

व्यापाराचंही तसंच. निजामाच्या सरहद्दीवर करोडगिरी म्हणजे जकात द्यावी लागे. चलनही वेगळं, हाली सिक्का. रेल्वे 1900 च्या सुमारास आली, पण मीटरगेज. मुंबईकडं जाणारा माल मनमाडला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. हे रूळ बदलायला नव्वदीचं दशक उजाडलं. एवढे अडथळे असलेल्या ठिकाणी कारखाना काढायचं कुणाच्या मनात येणार?

मग संस्कृतीला काहीच महत्त्व नाही का? आहे. आपल्या मोंढ्यातच बघा. अडत्याच्या शब्दावर लाखोंचा माल उचलला जातो, कारण चूक झाली तर त्याची पत सगळ्या बाजारात जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्यागोत्यातून आलेला हा विश्वास हेही एक भांडवलच. ते व्यापाऱ्याकडं आहे, शेतकऱ्याकडं कमी आहे. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. आपल्याकडं रुई आणि सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात. पण पुढच्या सूत-कापडाचा फायदा बहुतेक बाहेर जातो. तो गावात ठेवायचा तर अनेकांनी मिळून पैसा घालावा लागेल, हिशेब उघडा ठेवावा लागेल. इथं आपलं अडतं. 'पैसा बुडणारच' ही धास्ती अनुभवातून आली हे खरं, पण कारण गेल्यावरही सवय मागं उरते. आणि ती सवय मोडणं सरकारच्या हातात नाही, आपल्याच हातात आहे.

दांडेकर समितीनं 1984 साली राज्याचा विकासाचा अनुशेष मोजला. एकूण सुमारे 3,186 कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 750 कोटी. रस्ते, पाणी, शाळा, वीज, सगळं त्यात मोजलं होतं. परस्परविश्वासाचा अनुशेष कुठल्या समितीला मोजता येत नाही. पण पहिला अनुशेष बाकी असताना सगळा दोष स्वभावावर टाकणं हा अन्याय आहे, आणि पहिल्याचंच कारण सांगत दुसरा तसाच ठेवणं ही आपली चूक आहे.

तेव्हा मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलांना एवढंच सांगावंसं वाटतं. कुणी 'नहीं तो परभणी' म्हणालं तर रागावू नका, मानही डोलावू नका. भंडारदरा कधी झालं आणि जायकवाडी कधी, एवढं त्यांना विचारा. आणि गावी परत आलात की चार जणांनी मिळून एखादा छोटा व्यवहार उघड्या हिशेबानं करून बघा.