श्रमपरिहारासाठीं विश्रामासन

औत सोडल्यावर बैलास आपण दावणीला बांधून विसावा देतों. परंतु भातलावणींत दिवसभर ओणव्या राहिलेल्या आपल्या पाठीस तो देत नाहीं. ही हयगय पुढें महाग पडते, म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

शवासनानें थकवा जातो, असें हठयोगप्रदीपिकेंत सांगितलें आहे. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनीं दुबळ्या व दुखणाईत माणसांसही आसनें झेपावीं म्हणून लोड, घोंगडी, पट्टे इत्यादिकांचा आधार योजिला. शरीराचा भार आधारानें पेलला म्हणजे स्नायु सैल पडतात व श्वास संथ होतो.

कृति सोपी आहे. सायंकाळीं जेवणापूर्वीं बाजेजवळ घोंगडी अंथरून उताणें निजावें. दोन्ही पोटऱ्या बाजेवर टेकाव्या. मानेखालीं धोतराची घडी घ्यावी. डोळे मिटून १० मिनिटें स्वस्थ पडावें. श्वास ओढूनताणून घेऊं नये. उठतांना प्रथम कुशीवर वळून हाताच्या टेक्यानें बसावें.

गर्भवतीनें उताणें न निजतां कुशीवर निजावें. पाठीची कळ पायांत उतरत असल्यास किंवा पाय बधिर होत असल्यास आसनावर विसंबूं नये, डॉक्टरांस दाखवावें.

लावणीचें काम बहुधा स्त्रियाच करतात, आणि घरीं येतांच त्यांस चुलीपुढें बसावें लागतें. तरी घरांतील हीं १० मिनिटें प्रथम त्यांस मिळावीं, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.