पाडण्याचे बहुमत, उभारण्याचे बहुमत

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून घेतल्याने अडचणीत आलेले अटलबिहारी वाजपेयी यांचे आघाडी सरकार एका मताने कोसळले. त्या एका मताची चर्चा आजही होते. पुढे काय घडले, याची मात्र फारशी होत नाही.

विरोधात मत देणाऱ्यांत काँग्रेस, डावे पक्ष, समाजवादी पक्ष, अण्णा द्रमुक आणि बसप असे परस्परांचे प्रतिस्पर्धीही होते. वाजपेयी नकोत, यावर त्यांचे एकमत होते; कोण हवे, यावर नव्हते. सोनिया गांधी यांनी सरकार स्थापनेचा प्रयत्न केला, परंतु समाजवादी पक्षाने साथ नाकारली आणि संख्या जुळली नाही. अर्थसंकल्प चर्चेविनाच संमत करावा लागला आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. नव्या सरकारचा शपथविधी १३ ऑक्टोबरला झाला. मधल्या काळात कारगिलचे युद्ध झाले. ते काळजीवाहू सरकारने लढवले आणि त्या सरकारला जाब विचारणारी लोकसभाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. राज्यसभेचे विशेष अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणीही मान्य झाली नाही.

आघाडी सरकारे अस्थिरच असतात, हा यावरून काढला जाणारा नेहमीचा निष्कर्ष अपुरा आहे. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. सरकार पाडणाऱ्यांवर मात्र पर्याय देण्याची जबाबदारी कोणताही नियम टाकत नाही. एका पक्षाच्या भक्कम बहुमताच्या काळात ही उणीव झाकली जाते. आघाडीच्या काळात तिची किंमत देशाला मोजावी लागते.

वायमर प्रजासत्ताकाच्या कटू अनुभवातून जर्मनीने हा धडा घेतला. तेथील मूलभूत कायद्याच्या ६७ व्या अनुच्छेदानुसार उत्तराधिकारी निवडल्याशिवाय संसद चॅन्सेलरला हटवू शकत नाही. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या आघाडीतून उदारमतवादी पक्ष बाहेर पडला, तेव्हा एकाच मतदानाने श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. आपल्या विधी आयोगानेही १९९९ मध्येच, १७० व्या अहवालात, अशाच धर्तीच्या तरतुदीची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

हा उपाय सर्व व्याधींवरचा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा ठराव दोन मतांनी फसला. दुसऱ्याच दिवशी चॅन्सेलर कार्यालयाच्या अर्थसंकल्पावर समसमान मते पडली आणि त्याच वर्षी मुदतपूर्व निवडणूक घ्यावी लागली. नियम सरकारला खुर्चीवर टिकवू शकतो. कारभारासाठी लागणारे बहुमत त्याला मिळवून देऊ शकत नाही. तरीही पोकळीपेक्षा दुबळे परंतु सभागृहाला उत्तरदायी सरकार बरे.

२०२४ च्या निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला २७२ चा आकडा गाठता आला नाही आणि केंद्रातील सत्ता पुन्हा मित्रपक्षांच्या पाठिंब्यावर अवलंबून राहिली. अशा सुधारणेचा विचार सरकार स्थिर असतानाच व्हायला हवा. ठराव विरोधकांनी आणलेला अविश्वासाचा असो वा सरकारने मांडलेला विश्वासाचा, विरोधात मत देणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी दिले पाहिजे: यांच्या जागी कोण?